वहिनीच्या हाडांत पसरलेला कॅन्सर, ‘ऑस्टिओपॉन्टिन’ आणि कॅल्शियमच्या गोळ्या

अबोली_मये

माझ्या वहिनीचे स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन आणि केमो पूर्वीच झाले आहेत. यंदा चवथीनंतर कंबर दुखायला लागली, बोन स्कॅन केला, तर कण्यात आणि खुब्यात डाग आले. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, उपचार चालू आहेत. झोलेड्रॉनिक ॲसिडचे सलाइन देतात आणि घरी कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या आहेत.

आता आमच्या वाड्यावर कुणीतरी दादाला मोबाइलवर एक लेख दाखवला. त्यात लिहिलेय की हाडांतली ऑस्टिओपॉन्टिन नावाची प्रथिने कॅन्सरला वाढवतात. त्यावरून कॅल्शियम म्हणजे कॅन्सरला खतपाणी असे ठरले, आणि दादाने गोळ्या बंद केल्या. सकाळची नाचण्याची तिजानसुद्धा बंद. वहिनी काही बोलत नाही, पण मला हे बरे वाटत नाही. ही प्रथिने नेमकी काय करतात? त्यांची रक्ततपासणी करून घ्यावी का?

कुळागरवाली

अबोली, मी डॉक्टर नव्हे. पुण्याला प्रयोगशाळेत याच प्रथिनांवर काम केले, निवृत्त झाल्यावर सावईवेऱ्याला येऊन राहिले. म्हणून आधी तातडीचे. दादाला सांग, उद्या सकाळीच ओपीडीत जाऊन गोळ्या बंद केल्याचे सांगायचे आणि रक्तातले कॅल्शियम तपासून घ्यायचे. झोलेड्रॉनिक ॲसिड हाड कुरतडणाऱ्या पेशींना, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना, थोपवते. मग हाडातून रक्तात येणारे कॅल्शियम कमी होते. ते गोळ्यांतून भरून काढले नाही तर ओठांना, बोटांना मुंग्या येतात, पेटके येतात. उलटी बाजूही आहे. हाडात पसरलेल्या कॅन्सरमध्ये कधीकधी रक्तातले कॅल्शियम फार वाढते. खूप तहान, बद्धकोष्ठ, गुंगी, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टर स्वतःच गोळ्या थांबवतात. ते ठरवायचे रक्ताचा रिपोर्ट बघून, मोबाइलवरचा लेख वाचून नव्हे. तिजानीने हाडातली गाठ वाढत नाही. वहिनीला आवडत असेल तर खुशाल द्या.

आता प्रथिनांकडे येते. हाडाचा बहुतेक भाग खनिज आणि कोलाजेन. उरलेल्या थोड्याशा भागात ऑस्टिओपॉन्टिन, बोन सायलोप्रोटीन, डीएमपी-१ अशी मंडळी असतात. माणसात यांची जनुके चौथ्या गुणसूत्रावर एका रांगेत आहेत, म्हणून अमेरिकेतल्या लॅरी फिशर आणि नील फेडार्को यांनी त्यांना एक कुटुंब मानले. कामाला फार अवघड प्रथिने. ऑस्टिओपॉन्टिनचे वजन हिशेबाने तेहेतीसच्या आसपास किलोडाल्टन यायला हवे, पण जेलवर, म्हणजे प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी करायच्या चाचणीत, ते ४४ ते ७५ मध्ये कुठेही धावते, कारण त्यावर फॉस्फेट आणि साखरेचे गट चिकटलेले असतात. जेलवर प्रथिने दिसावीत म्हणून लावतात त्या नेहमीच्या कूमासी रंगाला ती नीट दाद देत नाहीत. स्टेन्स-ऑल नावाचा दुसरा रंग लावला की निळी पट्टी उमटते. ती पट्टी बघायला मी रात्री उशिरापर्यंत थांबलेली आहे, आणि दर वेळी तितकाच आनंद झालेला आहे.

या प्रथिनांत आर्जिनिन, ग्लायसीन, ॲस्पार्टिक ॲसिड अशा तीन अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो, आरजीडी म्हणतात त्याला. पेशींच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे रिसेप्टर तो तुकडा पकडतात. ऑस्टिओक्लास्ट हाडाला चिकटून बसतात ते असेच, आणि कॅन्सरच्या पेशींवरही तेच इंटिग्रिन असतात. शिवाय त्या पेशी ही प्रथिने स्वतःही बनवतात. बेल्जियममध्ये लिएजच्या अकेला बेलाहसेन आणि व्हिन्सेंट कास्ट्रोनोवो यांनी १९९४ मध्ये स्तनाच्या गाठींत बोन सायलोप्रोटीन दाखवले. स्तनात हाडाचे प्रथिन! १९९६ मध्ये त्याच गटाने दाखवले की मूळ गाठीत ते असण्याचा आणि पुढे हाडांत पसरण्याचा संबंध आहे. माझ्या मते या सगळ्या विषयातले हे सर्वांत सुंदर काम. आपल्याकडे पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. गोपाल कुंडू यांच्या गटाने ऑस्टिओपॉन्टिनमुळे कॅन्सरच्या पेशींत कोणते संदेश सुरू होतात ते उलगडले. त्यांना विज्ञानातला २००४ चा भटनागर पुरस्कार आहे.

पण हाडच का? लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि लिहिले की बी चहूकडे उडते, पण मानवेल त्याच जमिनीत रुजते. हाडाची जमीन कशी मानवते ते आता बरेच कळले आहे. कॅन्सरच्या पेशी पीटीएचआरपी नावाचे प्रथिन सोडतात. त्यामुळे हाड बांधणाऱ्या पेशी रँक-लिगँड नावाचे प्रथिन जास्त बनवतात, त्याने ऑस्टिओक्लास्ट वाढतात, हाड कुरतडले जाते आणि हाडात साठलेले टीजीएफ-बीटासारखे वाढीचे घटक सुटून पुन्हा कॅन्सरला मिळतात. वहिनीचे सलाइन हेच चक्र तोडते. म्हणजे दादाची भीती अगदी निराधार नाही. हाडाची झीज कॅन्सरला पोसते हे खरेच, आणि उपचार त्याच्यावरच चालू आहे. गोळ्या त्या उपचाराच्या जोडीला आहेत, विरोधात नाहीत.

ऑस्टिओपॉन्टिनची रक्ततपासणी करून घेऊ नका. या कुटुंबातली प्रथिने अनेक कॅन्सरमध्ये रक्तात वाढलेली सापडतात, हे खरे. पण ऑस्टिओपॉन्टिन फक्त हाडाचे नाही. ते मूत्रपिंडात असते, आईच्या दुधात भरपूर असते, क्षयात आणि हृदयविकारातही वाढते. वाढलेला आकडा बघून कोणताही डॉक्टर वहिनीचा उपचार बदलणार नाही. ते पैसे वाचवा.

माशेलचा फार्मासिस्ट

बाईंनी सगळे सांगितलेच आहे. एक राहिले, ते मी काउंटरवर रोज सांगतो. झोलेड्रॉनिक ॲसिडवर असताना दात काढला तर जबड्याचे हाड भरून येत नाही, असे काहींना होते. हलणारा दात, दुखरी हिरडी असेल तर आधी दाखवा. डेंटल कॉलेज बांबोळीलाच आहे, त्याच फेरीत होईल. दंतवैद्याला सलाइनचे नाव सांगायला विसरू नका. आणि प्रत्येक डोसाआधी रक्तातले क्रिएटिनिन बघतात, त्यावरून मूत्रपिंडाचे काम कळते, कारण औषध मूत्रपिंडातून जाते. म्हणूनच दुखण्याच्या गोळ्या मनाने वाढवू नका.

अबोली_मये

दादा आज जाऊन आला. कॅल्शियम खाली गेलेले निघाले, गोळ्या परत सुरू केल्या. डॉक्टर रागावले नाहीत, नीट समजावले त्याला. बाई, तुमचे लिहिलेले मी वहिनीला वाचून दाखवले, तिने दोनदा वाचायला लावले. भाची साखळीला कॉलेजात बी.एस्सी. करते, ती विचारतेय की त्या आरजीडीच्या जागी दुसरे काहीतरी चिकटवून कॅन्सरला अडवता येणार नाही का?

कुळागरवाली

भाचीला शाबासकी दे, अगदी हेच करून पाहिले गेले. सिलेंगिटाइड नावाचे छोटे, गोल जोडलेले पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, त्याच तुकड्याच्या नमुन्यावर बनवले होते. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कॅन्सरवर तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी झाली. २०१४ मध्ये निकाल आला, रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. एकदोन इंटिग्रिन अडवून भागत नाही, पेशींना दुसऱ्या वाटा असतात. रँक-लिगँडच्या बाजूने मात्र यश आले. त्याला बांधणारे डेनोसुमॅब हे औषध २०१० मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, आणि हाडात पसरलेल्या कॅन्सरमध्ये फ्रॅक्चरसारखे प्रसंग टाळायला ते आता वापरतात. तिला आणखी वाचायचे असेल तर मला निरोप पाठवू दे, मी लेख निवडून देईन.

आणि कण्यात डाग आहेत म्हणून एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव. वहिनीचे पाय अचानक अशक्त वाटले, बधिर झाले, लघवी अडली किंवा पाठीतले दुखणे एकदम वाढले, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. रात्र असली तरी १०८ ला फोन करून थेट कॅज्युअल्टीत न्यायचे.