टॉमी हँडली: विनोदवीर मोठा की काळ मोठा?

धागाकर्ता: बीबीसीच्या ‘इट्स दॅट मॅन अगेन’ ऊर्फ ‘इत्मा’ या रेडिओ कार्यक्रमाने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना हसवत ठेवले, आणि त्याचा नायक, १८९२ साली लिव्हरपूलमध्ये जन्मलेला टॉमी हँडली, त्या काळाचा थोर विनोदवीर मानला जातो. मला हे मोठेपण उसने वाटते. जुलै १९३९ पासूनच्या पहिल्या चार भागांची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. युद्ध पेटले आणि कार्यक्रम डोक्यावर घेतला गेला. संहिता टेड कॅव्हाना यांची, आणि आज ध्वनिमुद्रण ऐकावे तर त्या आठवड्याच्या बातम्यांवर बेतलेले निम्मे विनोद डोक्यावरून जातात.

प्रतिसाद १: असहमत. ताज्या बातमीवरचा विनोद शिळा होणारच. तो त्याचा दोष नव्हे, धर्म आहे. युद्ध नुकतेच सुरू झाले असताना हँडली ‘चिडचिड आणि गूढ खात्याचा मंत्री’ बनून सरकारी फतव्यांची टर उडवत होता, तीही खुद्द बीबीसीवरून. शिवाय सगळेच विनोद बातम्यांवरचे नव्हते. कार्यक्रमातल्या कर्नल चिनस्ट्रॅपला समोरच्याच्या कुठल्याही वाक्यात मद्याचे आमंत्रण ऐकू येई आणि ‘माझी काही हरकत नाही’ म्हणून तो ते तत्काळ स्वीकारी. हे समजायला १९४२ ची वर्तमानपत्रे कशाला लागतात?

प्रतिसाद २: पण चिनस्ट्रॅप रंगवला जॅक ट्रेनने! पेल्यात तोंड घालून फुन्फ या जर्मन हेराचा खोल आवाज काढणाराही तोच. मोलकरीण मिसेस मॉप डोरोथी समर्सची. मग हँडलीच्या वाट्याला उरले काय?

प्रतिसाद १: उरला तो वेग. दार उघडते, एक वल्ली आत येते, दोन-चार वाक्यांत हशा पिकवून जाते आणि लगेच पुढची हजर होते. ही वर्दळ अर्धा तास अडखळू न देता पेलणे येरागबाळ्याचे काम नव्हे. (बिनकामाचा नायक वाटणे हे अशा कलावंताच्या नशिबीच असते.) आधी रंगमंचावर आणि पुढे रेडिओवर घासलेली जीभ त्यामागे होती.

धागाकर्ता: वेगाचा मुद्दा मान्य. तरीही युद्ध नसते तर त्याला विचारले कोणी असते?

प्रतिसाद ३: युद्ध १९४५ साली संपले, ‘इत्मा’ मात्र जानेवारी १९४९ पर्यंत चालला, आणि थांबला तो हँडली वारला म्हणून. कॅव्हाना होते, ट्रेन होता, तरी दुसरा नायक आणून कार्यक्रम पुढे रेटला गेला नाही. त्याच्यासाठी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये स्मृतिप्रार्थना झाली, तेव्हा युद्ध संपून साडेतीन वर्षे उलटली होती.