‘जगभर बायका नवऱ्याचंच आडनाव लावतात’ म्हणे!

सुरसागरकाठची: काल इथं, आपल्या बडोदेकरांच्या ग्रुपवर, एकानं लिहिलं, ‘जगभर बायका सासरचं आडनाव लावतात, आपल्याच मुलींना काय शिंगं फुटलीत?’ जगभर? स्पेनमध्ये बाई मरेपर्यंत स्वतःचीच दोन आडनावं लावते, वडिलांचं आणि आईचं. चीन-कोरियात सुना आडनाव बदलत नाहीत. क्युबेकमध्ये तर १९८१पासून लग्न झालं एवढ्यावर बदलताच येत नाही. मीही पंधरा वर्षं माहेरचंच लावतेय. संसार शाबूत आहे.

दांडियाबाजारचे अण्णा: ताई, जपान बरा विसरलात! तिथं नवराबायकोचं आडनाव एकच, कायदाच आहे. २०१५ला आणि २०२१ला सुप्रीम कोर्टानंही तो उचलून धरला.

सुरसागरकाठची: कुणाचं घ्यायचं ते जोडप्यानं ठरवायचं, हेही त्याच कायद्यात आहे. घ्या की वहिनींचं!

अण्णा: उद्धटपणा माहेरचाच दिसतोय.

ताटातले तांदूळ: आडनावाचं काय घेऊन बसलात, माझं नावच गेलं. अंगठीनं तांदळात लिहिलं, झालं. आईनं जुन्या नावानं हाक मारली की सासूबाई विचारायच्या, ‘ही कोण?’ सयाजीरावांची पहिली राणी तंजावरच्या मोहित्यांची, दुसरी देवासच्या घाटग्यांची, आणि दोघी इथं येऊन चिमणाबाई! पहिली १८८५त गेली, त्याच साली दुसरी आली. त्या नावाच्या चिमणाबाई टॉवरखालून जाताना दर वेळी पोटात कालवतं.

पेन्शनर: नावावरून आठवलं. बँकेच्या कारकुनानं माझ्या नावाला ‘भाई’ चिकटवला, हिच्या नावाला ‘बेन’. पासपोर्टवर दोन्ही नाहीत. तीन ॲफिडेव्हिटं झाली!

मांडवीकर: काका, भाई म्हणजे मान. इतकी वर्षं बडोद्यात काढलीत ना?

पेन्शनर: मान रिक्षावाल्यानं द्यावा, पासबुकानं नको.

कॉलेजवाली: आणि आडनाव आधी लिहायची इथली पद्धत? पुण्याला ॲडमिशन घेतली, तर हजेरीत माझं नाव ‘जोशी’ आणि आडनाव बाबांचं नाव. वर्षभर सगळे ‘मिस प्रभाकर’ म्हणत होते.

सुरसागरकाठची: अहो, विषय काय चाललाय!

अण्णा: हाच. हिचं पॅन माहेरच्या नावानं, आधार माझ्या. वारसाच्या अर्जासाठी चार चकरा मारल्या, आणि वर त्या ‘बेन’साठी पाचवी. तेव्हा तुमची कागदपत्रं सुटसुटीत, हे मान्य. तेवढंच. दारावरची पाटी मात्र आमच्याच आडनावाची राहील.

सुरसागरकाठची: पाटीवर वहिनींचं नाव तरी आहे का?

अण्णा: पाटी लहान आहे.