एमएक्स-५ थोडी खाली घ्यायची आहे, पण आईची पाठ सांभाळून

नेकारकाठ

नमस्कार मंडळी. मी श्टुटगार्टला असते. माझी २०१७ ची माझ्दा एमएक्स-५ आहे, २.० लिटर, १७ इंची चाकं, डॅम्पर (शॉक अब्जॉर्बर) कंपनीतूनच बिल्स्टाइनचे. गाडीवर फार जीव आहे माझा, पण पुढच्या टायरवर मडगार्डपर्यंत जी पोकळी दिसते ती डोळ्यांना खुपते. एवढी देखणी गाडी चवड्यांवर उभी राहिल्यासारखी वाटते.

सुट्टीच्या दिवशी बाडेन-बाडेनहून फ्रॉइडेनश्टाटकडे बी-५०० महामार्गाने जायचं, ही माझी आवडती फेरी. एरवी ऑफिस, बाजार आणि इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा चढ. मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून येताहेत. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. गाडीत दोनच सीट, त्यामुळे तिला एकटीला शेजारी बसवून श्वार्त्सवाल्ड (ब्लॅक फॉरेस्ट) दाखवायचं कधीपासून मनात आहे.

इथल्या गॅरेजवाल्याने डॅम्पर तेच ठेवून ३० मि.मी. खाली नेणाऱ्या स्प्रिंगा सुचवल्या. ऑफिसमधला सहकारी म्हणतो, कॉइलओव्हरच (स्प्रिंग आणि डॅम्परचा एकत्र संच) घाल. बजेट दीड हजार युरोच्या आसपास. दिसायला खाली आणि बसायला सुखाची, हे दोन्ही जमतं का?

इसारकर

पैसे देण्याआधी एक बघा: त्या स्प्रिंगांबरोबर टाइलगुटाख्टन (सुट्या भागाचा तपासणी अहवाल) मिळतंय का? मिळत असेल तर बसवल्यावर लगेच ट्यूफ किंवा डेक्रा या वाहन तपासणी संस्थांकडे नेऊन बदलाची तपासणी करून घ्यावी लागते आणि तो कागद गाडीत ठेवावा लागतो. हे केलं नाही तर गाडीचा रस्त्यावर चालवायचा परवानाच रद्द ठरू शकतो, मग अपघात झाला की विम्याची कटकट. चाकं मूळ मापाचीच ठेवलीत तर तपासणी सोपी जाते.

डॅम्परवाला

ताई, जमतं. पण ३० नाही, १५ ते २० मि.मी. आणि आहेत त्याच डॅम्परवर नाही.

कारण सांगतो. माझं काम सस्पेन्शनचंच आहे, आधी चाकणला होतो, आता इकडे. लोकांना वाटतं स्प्रिंग कडक झाली म्हणून गाडी दणके देते. पाठीला खरा दणका देतो तो बहुतेक वेळा बंप स्टॉप. डॅम्परच्या दांड्यावर पॉलियुरेथेन फोमचा एक ठोकळा असतो, चाक फार वर आलं की सगळा भार त्याच्यावर येतो. समजा चाकाला वर यायला ६० मि.मी. जागा होती आणि गाडी ३० ने उतरवली. आता तोच धक्का निम्म्या जागेत पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक लागेल, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ती किती दबली याच्या वर्गाने वाढते. १५ ने उतरवली तर पावणेदोन पट. हिशेब ढोबळ आहे, पण शेवटचे १५ मि.मी. किती महाग पडतात ते यातून दिसतं. इतकी कडक स्प्रिंग कोणी देत नाही, देऊही नये. मग उरलेला धक्का तो ठोकळा खातो आणि तुमच्या आईंना बसतो.

मूळ डॅम्परची लांबी मूळ उंचीसाठी ठरवलेली असते. आखूड स्प्रिंग घातली की त्याचा दांडा कायम अर्धवट आत बसलेला राहतो. शिवाय दबलेली स्प्रिंग परत उलगडताना तिला आवर घालणं हे डॅम्परचं काम. स्प्रिंग कडक आणि डॅम्पर जुन्याच सेटिंगचा, म्हणजे खड्ड्यानंतर गाडी झुलत राहते. दुखऱ्या पाठीला ते झुलणं एका दणक्यापेक्षा जास्त शिणवतं. म्हणून आखूड बॉडीचा डॅम्पर आणि त्याच्यासाठीच बनवलेली स्प्रिंग, हा जोडच घ्या. तुमच्या बाबतीत उंची बदलता येणारं कॉइलओव्हर मला पटतं, खाली-खाली नेण्यासाठी नव्हे तर कमी खाली ठेवता यावं म्हणून. फक्त टाइलगुटाख्टनमध्ये उंचीची मर्यादा दिलेली असते ती आधी वाचा. काही किट किमान ३० ने उतरवायलाच लावतात, ती तुमच्या कामाची नाहीत. सस्पेन्शन बनवणाऱ्या केडब्ल्यू कंपनीचं गाव फिश्टेनबेर्ग तुमच्यापासून फार लांब नाही, प्रत्यक्ष विचारता येईल.

मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जास्त वारंवारतेची, म्हणजे जरा वेगाने वरखाली होणारी असावी. सस्पेन्शनतज्ज्ञ मॉरिस ओली यांनी १९३० च्या दशकात कॅडिलॅकमध्ये वजनं इकडे-तिकडे सरकवता येतील अशी गाडी बनवून हे तपासलं होतं. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागची थोडी वेगाने हलली तर त्यांना गाठतात आणि गाडी पुढे-मागे डुलत नाही. तुमच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जेमतेम २,३१० मि.मी., ती लवकर डुलते, त्यामुळे नुसत्या पुढच्या स्प्रिंगा बदलून ती पोकळी भरायचा विचार मनातून काढा.

आणि हे गॅरेजवाल्याला लिहून द्या: आर्मचे (चाकं गाडीला जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले तर त्यांच्या सांध्यातले रबरी बुश गाडी खाली आल्यावर कायम पिळलेले राहतात. गाडी विनाकारण कडक लागते आणि बुश लवकर फाटतात. ‘लोअर केल्यापासून गाडी खराब झाली’ अशा कितीतरी तक्रारींचं मूळ इथे असतं.

कॉव्हेंट्रीचा पाव्हणा

मीही एनडीच (तुमच्याच पिढीची एमएक्स-५) चालवतो, इथल्या खड्ड्यांत. माझं मत वेगळं आहे: आई परत जाईपर्यंत उंचीला हात लावू नका. आधी टायरमधली हवा बघा. दारावरच्या स्टिकरवर २.० बार लिहिलंय आणि गॅरेजमध्ये सवयीने २.४, २.५ भरतात. एवढ्या हलक्या गाडीत तो फरक थेट सीटमध्ये कळतो.

नेकारकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हवा मोजली, चारही चाकांत २.५ निघाली! २.० केली आणि घराजवळच्या दगडी फरसबंदीवर लगेच फरक जाणवला. पाव्हण्यांचं म्हणणं पटतंय, पण मेच्या आत काम झालं तर आईला नव्या सस्पेन्शनवर नेता येईल असाही मोह आहे. डॅम्परवाला, किती उतरली ते मोजायचं कसं? आणि तळघराच्या चढाचं काय?

डॅम्परवाला

चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, चारही बाजूंना, टाकी अर्धी भरलेली असताना. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा मध्ये येते. आजचे आकडे लिहून ठेवा. कॉलर (कॉइलओव्हरवरची उंची ठरवणारी रिंग) जितकी फिरवाल त्यापेक्षा चाकापाशी गाडी जास्त उतरते, म्हणून कॉलरवरच्या मापावर विसंबू नका.

चढासाठी: जिथे चढ संपून सपाट होतं तिथे २० मि.मी. जाडीची पुठ्ठ्याची चवड ठेवा आणि शेजारी कोणाला तरी बसवून आजच्या उंचीवर गाडी सावकाश त्यावरून न्या. पुठ्ठा पोटाला घासला तर १५ वरच थांबा.

बसवल्यावर लगेच अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत नीट करून घ्या, मग तपासणीला न्या. खाली आल्याने चाकं वरून आत झुकतात, टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) सुद्धा हलतो आणि टायर आतल्या कडेने झिजतात. काहीशे किलोमीटरने स्प्रिंगा थोड्या बसतात, तेव्हा पुन्हा एकदा मोजा. मेच्या आत हवं असेल तर मार्चमध्येच वेळ घ्या, टायर बदलायच्या हंगामात इथली गॅरेजं तुडुंब असतात.