मदत हवी आहे : इंजिन चालू केलं की स्पीकरमधून 'कुंईंईं', गेन कमी करू की वायरिंग उचकटू?

मंडळी, गाडी दहा वर्षं जुनी, पेट्रोल. गेल्या महिन्यात नवा अँड्रॉइड स्टिरिओ आणि चार चॅनेलचा अ‍ॅम्प बसवून घेतला. चॅनेलमागे ५० वॉट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी ताकद), स्पीकर ४ ओहमचे. अ‍ॅम्प ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. गाणी दणदणीत वाजतात, तक्रार ती नाही. त्रास होतो सिग्नलला थांबल्यावर. एक तर कायम 'स्स्स' अशी सुरसुर. शिवाय इंजिन चालू असलं की कानाशी डास असावा तसा बारीक 'कुंईं', अ‍ॅक्सिलरेटर दिला की त्याचाही सूर चढतो. स्टिरिओचा आवाज शून्यावर नेला तरी दोन्ही तसेच.

दुकानात दाखवलं तर म्हणे, "साहेब, अ‍ॅम्पला एवढं होतंच," आणि वर फिल्टरची डबी गळ्यात मारायला बघत होते. घेऊ का? गेनचं बटण त्यांनी पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलंय.

प्रतिसाद १
डबी आत्ता घेऊ नका. स्वस्तातल्या डब्या खालचा बास खातात आणि मूळ दुखणं झाकतात.

तुमची दुखणी दोन आहेत. इंजिनबरोबर चढणारा आवाज अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा. अ‍ॅम्पचा अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर) कच्चा असला की तो आणि स्टिरिओचा अर्थ एका पातळीवर राहत नाहीत, आणि तो फरक आरसीए केबलच्या (स्टिरिओतून गाणं पुढे नेणारी केबल) जाळीतून गाण्यात शिरतो. आधी अ‍ॅम्पकडच्या आरसीए पिना काढून बघा. 'कुंईं' गेला तर अ‍ॅम्प ठणठणीत आहे, अर्थ किंवा केबल धरा. पॉवरची वायर आणि आरसीए एकाच बाजूने नेल्यात का तेही बघा.

सुरसुर मात्र गेनची. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. अ‍ॅम्पने कान किती टवकारायचे, ते ठरवणारं बटण. शेवटपर्यंत फिरवलं की स्टिरिओची मुळातली खरखरसुद्धा मोठी होऊन बाहेर येते.

प्रतिसाद २
माझ्याकडे अर्थ सीटच्या बोल्टला मारला होता, रंगावरच!

धागाकर्ता
दादा, पिना काढल्या, 'कुंईं' गायब. मग सीट सरकवली. प्रतिसाद २ वाल्यांनी जणू माझीच गाडी पाहिली होती: बोल्टखाली रंग, वर गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, वीतभर जाड वायरने अर्थ तिथेच घट्ट आवळला. पिना परत लावल्या, आता रेस दिली तरी शांत. गेन किती ठेवू?

प्रतिसाद १
शाब्बास. आता स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पपासून सोडवा. इक्वलायझर सपाट, बास बूस्ट बंद, गेन पूर्ण खाली. स्टिरिओचा आवाज पाऊण ठेवून १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन लावा. मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावा. ५० वॉट गुणिले ४ ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१. मीटर १४ व्होल्टच्या आसपास येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि थांबा. मग स्पीकर परत जोडा; सूर फाटला, तर गेन थोडा कमी करा.

धागाकर्ता
बटण जेमतेम अर्ध्यावर आलं! सुरसुर आता कान लावला तरच. फक्त चार्जरला लावलेला मोबाईल ऑक्सला (स्टिरिओच्या वायरच्या जोडणीला) जोडला की थोडी किरकिर येते.

प्रतिसाद १
तो चार्जरचा प्रताप. ब्लूटूथवर गाणी लावा.