मदत हवी आहे: बर्नच्या चार्टला तीन एरर, रिबटल (ऑडिटरला उत्तर) सकाळी नऊपर्यंत द्यायचाय

नाईटशिफ्ट_राजारामपुरी
अमेरिकेतल्या हॉस्पिटलचा चार्ट, निदानाला आयसीडी-१०-सीएमचे कोड लावायचं काम. गरम तेलाचा बर्न (भाजलेलं). उजव्या मांडीला सेकंड आणि थर्ड डिग्री (डिग्री म्हणजे किती खोल), डाव्या मांडीला सेकंड, पोटाला सेकंड, उजव्या पायाला सेकंड. टोटल ११ टक्के. मी लावलेलं:
टी२४.३११डी, टी२४.२११डी, टी२४.२१२डी, टी२१.२२एक्सडी, टी२४.२३१डी, टी३१.११, एक्स१२.एक्सएक्सएक्सडी, वाय९२.५११.
ऑडिटर म्हणतो: टी२४.२११ काढा, कोडांच्या शेवटचा डी चुकलाय, टी३१ (एकूण किती टक्के भाजलं त्याचा कोड) डिलीट करा. पेशंट दुसऱ्यांदा आलाय, मग डी (पुढच्या भेटीचं अक्षर) नाही तर काय? आणि टी३१ क्लासमध्ये सगळेच लावायला शिकवतात. गाईडलाईनचा नंबर तेवढा सांगा, लेक्चर नको. वेळ नाही.

कोडवाली_ताई
नंबर सांगते, पण आधी तू सांग. इनपेशंट की ओपीडी? फॅसिलिटीचं (हॉस्पिटलच्या बिलाचं) कोडिंग की डॉक्टरचं? दुसऱ्यांदा आलाय तो कशासाठी? ११ टक्क्यांत थर्ड डिग्री किती? आणि 'उजव्या पायाला' म्हणजे कुठं? आपला मराठी पाय कमरेखाली सुरू होतो आणि नखापर्यंत जातो. तू लावलेला टी२४.२३१ गुडघ्याखालचा, नडगी-पोटरीचा. चार्टात नक्की काय शब्द आहे ते लिही.

जुना_बुधवार
भाजल्यावर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई तर अजिबात नको. तीन तासांच्या आत पाणी मारलं तरी उपयोग होतो. अंगठी-बांगड्या सूज यायच्या आत काढून घ्या.

पंचगंगा_तीर
काका, माहिती सोळा आणे खरी. पण पेशंट तिकडं अमेरिकेत आहे आणि भाजून महिना झाला असंल. इथं भांडण आकड्यांचं चाललंय.

ग्राफ्ट_किंग
दुसऱ्यांदा आला म्हणजे ग्राफ्टला (त्वचारोपणाला) आला असणार. प्रोसिजरचा सीपीटी कोड १५१०० लावा, पहिल्या १०० चौरस सेंटीमीटरला. पुढच्या प्रत्येक १०० ला किंवा उरलेल्या तुकड्याला १५१०१. हाताचा पंजा, पाऊल, चेहरा असेल तर १५१२० आणि १५१२१. जखम ग्राफ्टसाठी तयार केली असेल तर आधी १५००२. पेशंट दहा वर्षांच्या आतला असेल तर चौरस सेंटीमीटर नव्हे, शरीराचे टक्के मोजायचे. इथंच निम्मे लोक मार खातात. नुसतं ड्रेसिंग असेल तर ५ टक्क्यांच्या आत १६०२०, ५ ते १० ला १६०२५, त्यावर १६०३०.

नाईटशिफ्ट_राजारामपुरी
इनपेशंट, फॅसिलिटी. होय, ग्राफ्टसाठीच अॅडमिट, उजव्या मांडीवर स्प्लिट थिकनेस (त्वचेचा पातळ थर), डाव्या मांडीवरून त्वचा घेतली. थर्ड डिग्री ३ टक्के. पायाचं 'डॉर्सम ऑफ राइट फूट' (उजव्या पावलाची वरची बाजू) लिहिलंय, ड्रेसिंग चालू. डावी मांडी आणि पोट 'री-एपिथेलियलाइज्ड' (नवी त्वचा आलेली). हे महत्त्वाचं आहे का?

कोडवाली_ताई
महत्त्वाचं म्हणजे, सगळा निकालच त्यावर आहे की रे.

टी२४.२११ चा एरर मान्य कर. गाईडलाईनचा सेक्शन वन, सी, १९, डी, २. एकच जागा, एकच बाजू आणि वेगवेगळ्या डिग्री असतील तर सर्वांत खोल तेवढीच धरायची. गाईडलाईनमधलं उदाहरणच उजव्या मांडीचं आहे, सेकंड आणि थर्ड दोन्ही असतील तर फक्त टी२४.३११. ऑडिटरनं ते तोंडपाठ केलेलं असतं, तिथं वाद घालू नकोस.

डी चा एररही मान्य. सातवं अक्षर पेशंट कितव्यांदा आला यावर ठरत नाही, उपचार कोणता चाललाय यावर ठरतं. ए म्हणजे अॅक्टिव्ह ट्रीटमेंट. ग्राफ्ट म्हणजे जखमेवरचा थेट उपचार, तो तिसऱ्या अॅडमिशनला झाला तरी ए. भरून येत असलेल्या जखमेची नुसती देखभाल असेल तर डी. कॉन्ट्रॅक्चर (व्रणानं आखडलेली त्वचा) सोडवायला आला तर आधी कॉन्ट्रॅक्चरचा किंवा व्रणाचा कोड, मागून बर्नचा कोड एस लावून. 'इनिशियल' या शब्दानं सगळ्यांची दिशाभूल होते.

ऑडिटरला न दिसलेल्या चुका आता ऐक. फूट म्हणजे पाऊल, टी२५ मध्ये जातं, टी२५.२२१. टी२४ घोट्याच्या वर संपतो. आणि डावी मांडी, पोट बरं झालंय तर त्यांचा बर्न कोड कशाला? भरलेली जखम आता बर्न नाही. मात्र 'नॉन-हीलिंग' (भरत नाही) किंवा नेक्रोसिस (त्वचा मेलेली) लिहिलं असतं तर तो चालू बर्नच धरायचा, हा त्याच कलमाचा पुढचा मुद्दा.

नऊचा_पाडा
टी३१ वर मी बोलतो. तुम्ही ११ टक्के बघून टी३१.११ लावलाय, हो ना? हीच ती चूक. पॉइंटनंतरचा पहिला अंक म्हणजे एकूण भाजलेलं किती, तेही दशकात. दुसरा अंक म्हणजे त्यातलं थर्ड डिग्री किती, तेही दशकात. टी३१.११ चा अर्थ एकूण १० ते १९ टक्के आणि थर्ड डिग्रीसुद्धा १० ते १९ टक्के. तुमच्या पेशंटचं थर्ड ३ टक्के, म्हणजे टी३१.१०. एका अंकानं पेशंटची गंभीरता कुठल्या कुठं गेली. दहाच्या आत असलं की सरळ टी३१.०, तिथं दुसरा अंकच नाही. आणि टी३१ ला सातवं अक्षर कधीच नसतं, ते तुम्ही बरोबर केलंय.

पण ऑडिटरही अर्धवट बोलतोय. गाईडलाईनच्या त्याच भागात, कलम डी, ६ मध्ये, थर्ड डिग्री २० टक्के किंवा जास्त असेल तर टी३१ जोडावा असा सल्ला आहे, त्याखाली लावू नये असं कुठंही म्हटलेलं नाही. बर्न युनिटला आकडेवारी हवी असते, तिथं लावतातच. तेव्हा रिबटल लिहा की डिलीट नको, दुरुस्ती हवी.

पंचगंगा_तीर
थांबा जरा. ११ टक्के हा आकडा कुठल्या तारखेच्या नोटमधला? डावी मांडी आणि पोट भरलंय, मग आज ११ टक्के कसं राहील? पहिल्या अॅडमिशनचं एचअँडपी (दाखल करतानाची तपासणी नोंद) उचलून इथं चिकटवलं असणार.

नाईटशिफ्ट_राजारामपुरी
बघितलं. वाक्य शब्दशः तेच आहे. आता मी मांडीचे आणि पावलाचे टक्के मिळवून नवा आकडा काढू का? नर्सच्या वूंड नोटमध्ये मापं आहेत.

नऊचा_पाडा
नाही नाही नाही. टक्के डॉक्टरनं लिहायचे, कोडरनं बेरीज करायची नाही. नऊचा नियम आपल्याला पडताळ्यापुरता: डोकं-मान ९, एकेक हात ९, एकेक पाय १८, धड पुढून १८, मागून १८, उरलेला १. एवढं माहीत असलं की कुणी 'एका मांडीला २५ टक्के' लिहिलं तर डोळ्याला खुपतं, क्वेरी (डॉक्टरला लेखी प्रश्न) टाकता येते. लहान मुलांत हे गणित चालतच नाही. तान्ह्या बाळाचं नुसतं डोकं लंड-ब्राउडर तक्त्यात १९ टक्के, मोठ्या माणसाचं ७.

कोडवाली_ताई
आणि नर्सच्या नोटवरून बाजू घेता येते, उजवी की डावी. सेक्शन वन, बी, १४ मध्ये जी यादी आहे तिच्यात बाजू आहे. बर्नची डिग्री आणि टक्के त्या यादीत नाहीत, ते डॉक्टरच्याच नोटमधून. क्वेरी टाक: 'सध्या उरलेल्या बर्नचं एकूण प्रमाण आणि त्यातलं थर्ड डिग्री प्रमाण नमूद करावं.' १० च्या आत आलं तर टी३१.०. तोपर्यंत त्या एररला उत्तर 'क्वेरी प्रलंबित'.

ग्राफ्ट_किंग
माझ्या १५१०० कडं कुणी बघितलंच नाही.

पंचगंगा_तीर
बघितलं की भावा. इनपेशंट फॅसिलिटी म्हटल्यावर सीपीटी कुठनं आणायचं? तिथं पीसीएस (इनपेशंट प्रोसिजरचे कोड). ०एचआरएचएक्स७४, उजव्या मांडीची त्वचा, स्वतःचीच त्वचा वापरून, पार्शल थिकनेस (म्हणजे स्प्लिटच). पहिलं शून्य आहे, ओ नव्हे. पीसीएसमध्ये ओ आणि आय ही अक्षरंच ठेवलेली नाहीत, शून्य-एकाशी घोळ नको म्हणून. आणि डाव्या मांडीवरून त्वचा काढली त्याचा एक्सिजनचा कोड वेगळा लागतो, पीसीएस गाईडलाईन बी३.९ बघ. तो राहिला असंल तर सकाळी चौथा एरर. तुझं सर्जनच्या बिलाला बरोबर आहे, तिथं कुणी नाही म्हणत नाही.

ग्राफ्ट_किंग
मान्य. पण पावलाच्या टी२५.२२१ ला पण एच लावा, सॉरी, ए लावा. एकाच अॅडमिशनमध्ये एका कोडाला ए आणि दुसऱ्याला डी शोभत नाही.

कोडवाली_ताई
शोभायचा प्रश्न नाही, लग्नपत्रिका छापत नाही आपण. प्रत्येक कोडाचं सातवं अक्षर त्या त्या जखमेच्या उपचारावर ठरतं. मांडीला ग्राफ्ट म्हणून ए. पावलाला फक्त नेहमीचं ड्रेसिंग असेल तर डी. पावलाचं डिब्राइडमेंट (मेलेली त्वचा काढणं) झालं असेल तर ए. ऑपरेशन नोट वाच, उत्तर तिथंच मिळेल.

ग्राफ्ट_किंग
बर्नचं ड्रेसिंग म्हणजे पण उपचारच. मी ए च लावला असता.

कोडवाली_ताई
लाव. तुझा ऑडिट तुझा.

टीपीए_शाहूपुरी
तुम्ही सगळे सीएमवाले (अमेरिकेचं आयसीडी-१०-सीएम). इकडं आपल्या हॉस्पिटलात डब्ल्यूएचओचं आयसीडी-१० वापरलं तर ना सातवं अक्षर ना बाजू, टी२४.३ वर विषय संपला. अनेक भाग भाजले असतील तर टी२९ आहे, जो सीएममध्ये ठेवलेलाच नाही. मजा पुढं आहे. सीएमात एक्स१०.२ म्हणजे खाद्यतेल. डब्ल्यूएचओत एक्स१० च्या पुढचा अंक जागेचा, म्हणून एक्स१०.२ म्हणजे गरम पेय-अन्न-तेल, पण शाळा किंवा सार्वजनिक इमारतीत. अमेरिकेच्या चार्टावरनं इकडच्या क्लेमवर उडी मारणाऱ्यांनी हे भिंतीवर चिकटवून ठेवावं.

पंचगंगा_तीर
बरं झालं एक्स१० काढलंत. धागाकर्त्यानं तेलाला एक्स१२ लावलाय! एक्स१२ इतर गरम द्रवांना, म्हणजे चुलीवर तापवलेलं पाणी वगैरे. नळाचं गरम पाणी एक्स११, वाफ एक्स१३. तळणाचं तेल एक्स१०.२. आपण मराठीत आगीनं भाजलं आणि पाण्यानं पोळलं असा फरक करतो. टी कोड तो करत नाहीत, इंडेक्सात स्काल्ड शोधलं की बर्नकडं पाठवतात. तो फरक एक्सनंच दाखवायचा असतो आणि तिथंच तू घसरलास.

नाईटशिफ्ट_राजारामपुरी
म्हणजे असं?
टी२४.३११ए, टी२५.२२१डी, टी३१ क्वेरीनंतर, एक्स१०.२एक्सएक्सए, वाय९२.५११.

कोडवाली_ताई
पावलाचा डी ऑपरेशन नोट बघून कायम कर. वाय९२ काढ. जागेचा कोड एकदाच, पहिल्या उपचाराच्या वेळी. काम करताना भाजलं असेल तर वाय९९.० सुद्धा तेव्हाच. एक्स१०.२ मात्र उपचार संपेपर्यंत दर वेळी येतो.

जुना_बुधवार
एक शंका. गुऱ्हाळावर काहिलीतला रस अंगावर उडतो त्याला काय लावता? तो तेलासारखाच चिकटून बसतो. गूळ उतरवायच्या वेळी तर ११५ अंशांच्या वर असतो, पाणी मारलं तरी लवकर सुटत नाही, म्हणून खोल भाजतं.

टीपीए_शाहूपुरी
एक्स१०. अन्नच आहे की ते. पुढचा अंक जागेचा, गुऱ्हाळ शेतात असेल तर .७, कारखाना म्हणाल तर .६.

पंचगंगा_तीर
आणि सीएमात? काकवी झाली की एक्स१०.१, पण नुसता उकळता रस असंल तर एक्स१०.० की एक्स१२? रस पितात पण, उकळता कोण पितो?

ग्राफ्ट_किंग
मग तांबडा रस्सा सांडला तर? वाटीनं पितात तो.

नाईटशिफ्ट_राजारामपुरी
ऑपरेशन नोट बघितली. पावलाचं 'शार्प डिब्राइडमेंट' त्याच वेळी झालंय. टी२५.२२१ए करतोय. डोनरचा (डाव्या मांडीवरून त्वचा घेतल्याचा) एक्सिजन राहिलाच होता, तोपण टाकला. क्वेरी पाठवली.

ग्राफ्ट_किंग
म्हणजे ए च.

कोडवाली_ताई
नोट वाचून ए. न वाचता नव्हे.