प्रति: हुकमाचे ताबेदार?

'वरून हुकूम आल्यावर मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याच्या हातात काय उरतं?' या प्रश्नावर फ्रान्समधलं मोरिस पापोंचं प्रकरण बघा. १९४२ साली, फ्रान्स नाझी जर्मनीच्या ताब्यात असताना, अवघ्या ३१व्या वर्षी, तो बोर्दोच्या प्रीफेक्चरचा (आपलं जिल्हाधिकारी कार्यालय समजा) सरचिटणीस झाला. ज्यूंसंबंधीचा विभाग त्याच्याच अखत्यारीत. अटकेचे आदेश, पोलीस बंदोबस्त, पॅरिसजवळच्या द्रांसी छावणीकडे जाणाऱ्या गाड्या, सगळं कागदोपत्री चोख. द्रांसीहून पुढे ऑशवित्झ, नाझींची मृत्युछावणी. दीड हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलंही.

युद्धानंतर हाच गृहस्थ पॅरिसचा पोलीसप्रमुख आणि १९७८ मध्ये चक्क अर्थसंकल्प मंत्री! १९८१ मध्ये एका साप्ताहिकाने जुनी कागदपत्रं छापली, तरी शिक्षा व्हायला १९९८ उजाडलं.

तो निकाल मला फार मोलाचा वाटतो. पाठवलेल्यांना ठार मारणार हे त्याला ठाऊक होतं असं कोर्टाने धरलं नाही, खुनातल्या सहभागातून तो सुटला. पण बेकायदा अटक आणि डांबून ठेवण्यात हात होता म्हणून मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात साथ दिल्याबद्दल दोषी, १० वर्षं कैद. म्हणजे 'पुढचं माहीत नव्हतं' हे मान्य करूनही सहीची जबाबदारी टळली नाही. प्रत्यक्षात तुरुंगात तीन वर्षंही काढली नाहीत, २००२ मध्ये तब्येतीच्या कारणावरून साहेब घरी.