टीव्ही निवडताना कोणता तांत्रिक तपशील खरोखर कामी आला?

टीव्हीच्या माहितीपत्रकातील आकडे सहसा खोटे नसतात, पण ते नेमके कशाचे आहेत हे तिथे क्वचितच सांगितलेले असते. म्हणून आपण कोणता तपशील पारखून घेतला आणि रोजच्या पाहण्यात त्याचा काय उपयोग झाला, हे कृपया इथे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

मी सर्वाधिक वेळ एचडीआर (चित्रातील उजळ आणि गडद भागांतला फरक अधिक ठळकपणे दाखवणारे तंत्र) समजून घेण्यात घालवला आणि तो सार्थकी लागला. संचावर ‘एचडीआर १०’ लिहिले असेल, तर तो संच तसा सिग्नल स्वीकारतो एवढेच त्यातून कळते. तो सिग्नल नीट दाखवण्याइतकी उजळता पडद्यात आहे की नाही, हे निट्सच्या (उजळता मोजण्याच्या एककाच्या) आकड्यावरून पाहावे लागते. मी पाहिलेल्या साध्या संचांची कमाल उजळता ३०० निट्सच्या आसपास होती आणि त्यांवर दिव्याची ज्योत व तिच्यामागची भिंत जवळपास सारखीच उजळ दिसत होती. चांगले ‘लोकल डिमिंग’ (पडद्यामागचा प्रकाश भागाभागाने कमी-जास्त करण्याची सोय) असलेल्या अधिक उजळ संचावर तेच दृश्य लावून घेतले, तेव्हा ज्योत उठून दिसली आणि कोपऱ्यातला काळोख काळोखच राहिला.

*

आमच्याकडे मुलगा गेमिंग कन्सोल वापरतो, त्यामुळे रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते तो हर्ट्‌झमधला आकडा, हा कळीचा मुद्दा होता. जाहिरातीत ठळक छापलेला १२० किंवा २४० हा आकडा पुष्कळदा चित्रावर केलेल्या प्रक्रियेचा असतो आणि पॅनेल मुळात ६० हर्ट्‌झचेच असते. म्हणून ‘पॅनेलचा नेटिव्ह रिफ्रेश रेट किती?’ असेच विचारावे. शिवाय चार एचडीएमआय पोर्ट असले, तरी फोर-के चित्र १२० हर्ट्‌झने घेणारे अनेक संचांत दोनच असतात. त्यांतलाच एक ईआर्कचा (टीव्हीचा आवाज बाहेरच्या स्पीकरकडे पाठवणारा) असला आणि साउंडबार तिथे जोडला, की कन्सोलसाठी एकच उरतो. आम्ही संचाच्या मागे जाऊन पोर्टांवरची बारीक अक्षरे वाचली.

*

आमची खोली रुंद असून निम्मी मंडळी बाजूला बसतात. क्यूएलईडी हाही मागून प्रकाश लागणारा एलसीडीच असल्याने त्यात पॅनेलचा प्रकार महत्त्वाचा ठरतो: व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, पण बाजूने रंग फिके पडतात, तर आयपीएसचे बरोबर उलट असते. हा प्रकार माहितीपत्रकात बहुधा सापडतच नाही, त्यामुळे प्रत्येक संचासमोर बाजूला सरकून चेहऱ्यांचे रंग पाहणे हाच माझ्या मते खात्रीचा मार्ग आहे. ओएलईडीत (ज्यात प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाश देतो) ही अडचण फारशी जाणवली नाही.

*

५५ इंच हे कर्णाचे माप आहे. पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर भरते आणि पाय दोन्ही टोकांना असतील, तर टेबलही तेवढे लांब लागते.

*

मांडून ठेवलेले संच बहुधा ‘व्हिव्हिड’ (भडक रंगांच्या) मोडवर असतात. मी रिमोट मागून घेऊन ‘सिनेमा’ मोड लावला आणि मोशन स्मूदिंग बंद केले, कारण चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि मधल्या चौकटी संच स्वतः रचू लागला, की हालचाल अनैसर्गिक गुळगुळीत दिसते. त्यानंतर शेजारशेजारच्या दोन संचांतील फरक इतका कमी उरला, की निवड पॅनेल आणि पोर्ट पाहूनच केली.